चौशिंगीचा माळ

जंगल तुटलं की लोक गळा काढतात, गवतासाठी कुणी काढत नाही. गवत म्हणजे पडीक, अशीच सगळ्यांची समजूत. वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला माझ्या सासऱ्यांचा माळ होता. दिवाळीनंतर आम्ही तो कापायचो आणि भारे ट्रकने मुंबईच्या तबेल्यांकडे जायचे. एका वर्षी सासऱ्यांनी मधला तुकडा तसाच उभा ठेवला, कारण आत चौशिंगी होती. शेळीएवढं हरण, नराला चार शिंगं, मादीला एकही नाही. पूर्वी दर माळावर असायची म्हणे. पण आजूबाजूच्या माळांचे प्लॉट पडले, तारांची कुंपणं आली, आणि उरलीसुरली ही एक आमच्याकडे.

"व्यालेली हाय ती. पाडस चालाया लागलं की कापू," सासरे म्हणाले.

"माझ्या बाळंतपणात एवढी काळजी नव्हती केलीत," मी त्यांना ऐकवलं. ते नुसते हसले.

पुढे डोंगरावर वणवे दिसायला लागले. वणवा आला तर पुढे सरकू नये म्हणून आमच्याकडे आधीच भोवतीचा पट्टा जाळून टाकतात. सासऱ्यांनी त्या तुकड्याभोवती तसाच पट्टा जाळला. ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत आम्ही दोघं दिवसभर उभे होतो. काम चोख झालं. मला बरं वाटलं, उगाच कशाला खोटं सांगू.

काही दिवसांनी संध्याकाळी त्यांचा पुतण्या दारात आला. हातात पानात बांधलेलं मटण. ज्याच्या माळावर शिकार होते त्याला वाटा द्यायचा, ही गावची रीत.

"काका, तुमचा वाटा. पट्ट्यामुळं काम सोपा झाला. राखंत आत गेलेली पावलं व्हती, भायेर आलेली नाय. जाळी लावली नि कुत्री सोडली." मग हसत म्हणाला, "दूध व्हतं कासंत."

ती पुडी त्याच्या तोंडावर फेकावी असं मला वाटलं. सासऱ्यांनी ती मुकाट घेतली आणि परसात पुरली.

सकाळी आम्ही पाडस शोधायला गेलो. हाताने गवत बाजूला सारून पाहिलं, पण सापडेना. आई येईपर्यंत ही पिल्लं हलत नाहीत, हाक घातली तरी नाही. शेवटी सासऱ्यांनी विळा घेतला आणि जपून जपून तो तुकडा कापायला घेतला. उन्हं कलल्यावर पाडस दिसलं, जमिनीला चिकटून पडलेलं. जिवंत होतं. घरी आणून शेळीचं दूध बोटाने चाटवलं, ते ओठांवरून ओघळून गेलं. अंधार पडायच्या आत त्याने मान टाकली.

"मीच तिचा माग दावला गो त्यांना," सासरे म्हणाले.

पुढल्या दिवाळीनंतर आम्ही माळ कापला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेच थांबावं लागलं नाही.