काठावर मी बसलो होतो

अंदमानच्या आमच्या सहलीची हकीकत मी सात वर्षं सांगत आलो आहे, आणि तितकीच वर्षं ती खरी सांगायचं टाळत आलो आहे. दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या मंडळातल्या सभासदांनी ती माझ्या तोंडून, पडद्यावरच्या फोटोंसकट ऐकली आहे. त्यांच्यासाठी, आणि नातवंडांना घेऊन बेटांवर जायचा बेत करणाऱ्या इतरांसाठीही, ती आता जशी घडली तशी लिहितो.

तेव्हा नील नऊ वर्षांचा होता आणि मीरा सहा. माझा मुलगा मंदार आणि सूनबाई दोघंही गुडगावच्या ऑफिसांत. विमानाची तिकिटं काढून झाली आणि दोघांच्याही रजा नामंजूर झाल्या. मी म्हटलं, आम्ही दोघं नेतो मुलांना. समुद्राची काळजी तुम्ही करू नका, मी देवगडकडचा आहे.

मी देवगडकडचा आहे हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच ते येता-जाता सांगत असे. चार वर्षांचा असताना वडिलांच्या बदलीबरोबर दिल्लीला आलो आणि त्यानंतर समुद्रात गुडघ्याच्या वर कधी उतरलो नाही, एवढं मात्र सांगायचं राहून जाई. माझी पत्नी सुनंदा बुलढाण्याकडची. तिच्या माहेरी समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात.

निघायच्या आदल्या रविवारी सराव म्हणून मुलांना नोएडाच्या एका वॉटर पार्कमध्ये नेलं. तिथे सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत. सुनंदाने काउंटरवरून पायघोळ काळा पोशाख भाड्याने घेतला आणि आरशात पाहून स्वतःच हसली. मोठ्या घसरगुंडीपाशी उंची मोजायचा खांब होता. मीरा टाचा उचलून उभी राहिली, तरी चार बोटं कमीच पडली. मग आम्ही लाटांच्या तलावाकडे गेलो. भोंगा वाजला की यंत्राच्या लाटा सुरू होत आणि अख्खी दिल्ली पंजाबी गाण्यावर कमरेइतक्या पाण्यात नाचू लागे. मी काठावरच्या फरशीवर उभा राहून नीलला भरती-ओहोटी समजावत होतो. सुनंदा मीराला घेऊन गळ्याइतक्या पाण्यात गेली होती. मी ते पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

पोर्ट ब्लेअरला विमान उतरताना खाली हिरवट-निळं पाणी दिसलं आणि दोन्ही मुलांनी एकाच खिडकीला नाक लावलं. दुसऱ्या दिवशी जहाजाने हॅवलॉक बेटावर गेलो. अर्ध्या तासात जहाज डुलायला लागलं.

"आजोबा, तुमचा चेहरा कसा तरीच दिसतोय," नील म्हणाला.

"ऊन लागलंय," मी म्हणालो.

सुनंदाने पर्समधून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली.

बेटावर नारळाच्या झाडांमागे खोल्या होत्या. जेवायला मोहरीच्या वाटणातली मासळी आणि भात. मुलांनी मासळी चाटूनपुसून संपवली. सुनंदाने घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी उघडली. शेजारच्या टेबलावरच्या बंगाली कुटुंबाने त्यातले चार धपाटे मागून घेतले आणि कृती लिहून नेली. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळू इतकी पांढरी की मीरा म्हणाली, "आजी, हा मैदा आहे का?"

तिसऱ्या दिवशी डुंगीने (तिकडची लहान होडी) आम्ही प्रवाळ पाहायला गेलो. तिथे काठापासून थोड्याच अंतरावर पाण्याखाली प्रवाळ आहे. तोंडावर काचेचा मुखवटा लावायचा, तोंडात श्वासाची नळी धरायची आणि पालथं तरंगायचं. आमचा वाटाड्या बिष्णू, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस. तो म्हणाला, "बच्चों के साथ घर का एक बड़ा चलेगा."

मी पुढे झालो. केशरी जाकीट घातलं, मुखवटा चढवला. कमरेपर्यंत गेलो तोवर ठीक होतं. मग पायाखालची वाळू एकदम उतरली, नळीत खारं पाणी आलं, आणि मी बिष्णूचा दंड असा काही पकडला की त्याला तो सोडवून घ्यावा लागला.

"अंकल, साँस लो. मुँह से."

मला श्वास घेता येईना. मी मागे वळलो आणि काठावर येऊन बसलो. मुलांना म्हटलं, पाणी आज गढूळ आहे. पाणी काचेसारखं होतं.

"म्हणजे मासे नाही बघायचे?" मीराचा ओठ वाकडा झाला.

सुनंदा उठली. तिने बांगड्या काढल्या, चष्मा काढला.

"अहो, हे धरा."

"अगं, तुला पोहता कुठे येतं?"

"येतं की. आमच्या मळ्यातल्या विहिरीत शिकले. पाठीला सुका भोपळा बांधून."

"चाळीस वर्षांत कधी बोलली नाहीस."

"दिल्लीत विहीर कुठे होती?" ती म्हणाली आणि ओढणी पिनेने खांद्याशी पक्की करून, वरून जाकीट घालून पाण्यात गेली.

मी रुमालात तिच्या बांगड्या आणि चष्मा घेऊन बसलो. एका हाताने मीराची रबरी रिंग धरून, दुसऱ्या हाताने पाणी कापत ती निघाली होती. चौसष्टाव्या वर्षी. पाय मासळीच्या शेपटीसारखे सावकाश हलत होते, कुठे धडपड नाही, पाणी उडणं नाही. नील तिच्या मागोमाग. तासाभराने तिघं परतली तेव्हा मुलं एकाच वेळी बोलत होती: पोपटाच्या रंगाचा मासा, हात लावला की मिटणारं काहीतरी, आजीने बोटाने दाखवलेला निळा तारा. सुनंदाच्या कपाळावर मुखवट्याचा वळ उठला होता. इतकी सुंदर ती मला लग्नातही दिसली नव्हती.

"आंटीजी तो मछली हैं, अंकल," बिष्णू म्हणाला. त्या वेळी माझी छाती अभिमानाने भरून आली होती, हे मी शपथेवर सांगतो. म्हणूनच पुढे जे केलं ते मला अजून उलगडत नाही.

दिल्लीला परतल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये मी फोटो दाखवले. बिष्णूने पाण्याखाली काढलेला फोटो पडद्यावर आला: केशरी जाकीट, चेहऱ्यावर मुखवटा, भोवती मासे. मागून आमचे शेजारी साठे ओरडले, "हा आपला कोकणचा गडी ना?"

"मग काय," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेनात म्हणून मी पुढे बोललो, "आमची ही काठावर बसली होती. माझा चष्मा सांभाळत. पाण्याला फार घाबरते."

"वहिनी, बादलीजवळ तरी जाता ना?" साठ्यांनी विचारलं. सगळा हॉल हसला. मीरा उठून म्हणाली, "पण आजोबा..." आणि सुनंदाने तिला जवळ ओढलं. "आधी हा लाडू खा बाळा."

लिफ्टमध्ये मी पुटपुटलो, "बोलण्याच्या भरात झालं."

"असू दे," ती म्हणाली. "फोटो मात्र छान आलाय माझा."

ते तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची सहल त्याच वॉटर पार्कमध्ये गेली. बायकांनी आपापसांत ठरवून टाकलं, वहिनींना पाणी चालत नाही. त्यांनी सुनंदासाठी सावलीत खुर्ची ठेवली, भोवती सगळ्यांच्या पिशव्या ठेवल्या. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या. ती पिशव्यांवर हात ठेवून तलावाकडे बघत बसली. चपला काढून तिने पाय ओल्या फरशीवर ठेवले होते. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर ती उठून पाण्यात गेली असती. पुढच्या वर्षीही तीच खुर्ची होती. त्यानंतर तिने सहलीला येणं सोडलं.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मंडळाच्या शोकसभेत साठे गहिवरून म्हणाले, "वहिनी फक्त पाण्याला भ्यायच्या, बाकी कशाला नाही." मी हात जोडून खाली बघत राहिलो.

तर मंडळींनो, तो फोटो आता आमच्या बैठकीच्या खोलीत मोठा करून लावला आहे. कधीही या. नीट पाहिलंत तर जाकिटाच्या गळ्याशी ओढणीची पिन दिसेल. ती सुनंदा आहे. काठावर मी बसलो होतो.

हे तिला सांगायची वेळ एकदा आली होती. ऑपरेशनसाठी नेताना स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं होतं. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. तिने बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या, म्हणाली, "अहो, हे धरा." अगदी त्याच आवाजात. मी खिशातून रुमाल काढला. वाक्य तोंडाशी आलं होतं: सुनंदा, मी सगळ्यांसमोर खोटं बोललो आणि तुझं पाणी तोडलं, मला माफ कर. लिफ्ट यायला बराच वेळ लागला. ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, "चष्मापण दे."