भैरवीच्या शेवटी आलेली हाक

आमच्या नाचणगावात एका चिंचेवर भूत आहे म्हणतात. मी त्याच चिंचेखाली बसून मॅट्रिकचा अभ्यास केला. भूत आलं नाही, गणितही आलं नाही. तेव्हा माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच धरून चला. आणि जे सांगतोय ते नव्वदच्या दशकातलं, भर दुपारचं आहे…

माझे थोरले भाऊ, दादा, पुलगावात कापडाचं दुकान चालवायचे आणि व्हायोलिनच्या जुन्या तबकड्या जमवायचे. चावीचा ग्रामोफोन होता त्यांच्याकडे. अधूनमधून गावातले रसिक जमत. मग कर्ण्याला हार, उदबत्ती, अध्यक्षांचं भाषण… तबकडी तीन मिनिटांची, भाषण पाऊण तासाचं. दादा तेवढे मान खाली घालून तबकडी खरोखर ऐकायचे.

एक भैरवी त्यांची जीव की प्राण. लेबल झिजलेलं, वाजवणारा कोण ते कळायला मार्ग नाही. तबकडीच्या सुरुवातीच्या काळात एक रिवाज होता – वादन संपलं की कलाकार स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचा, म्हणजे दूरच्या कारखान्यात तबकडी छापणाऱ्यांचा घोळ होऊ नये. पण या तबकडीला नेमका तिथेच तडा. शेवटचा सूर विरला की सुई घसरून लेबलवर जायची – खर्रर्र…

"नाव सांगाले आला अन् गेला लेकाचा," दादा दरवेळी म्हणायचे.

मग दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. "आवडीचं ऐकवत राहा," म्हणाले. म्हणजे काय, ते आम्ही समजलो.

आमच्याकडे त्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. दादा मात्र दारात पाऊल टाकताच "सुशीला!" म्हणून गल्लीभर ओरडायचे. शेजारच्या बाया हसायच्या, वहिनी लाजून मरायच्या. आता त्याच वहिनी दादांच्या जिभेला वेखंड चोळत होत्या, केळझरच्या गणपतीला पायी जाऊन आल्या होत्या.

"बापू, यायनं एक डाव नावानं हाक मारली पायजे," त्या मला म्हणाल्या. "मंग देवानं नेलं तरी चालन."

मी हसलो नाही. नवसाची टिंगल करणारा मी, रोज औषधासारखी तबकडी लावत होतो. दोघांत फरक काय होता?

सुईनं तबकडी झिजते, म्हणून एका दुपारी ती कॅसेटवर उतरवून घ्यायला बसलो. लाइट गेलेली, टेपरेकॉर्डर सेलवर. वहिनी मागे स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. दादा छताकडे बघत पडलेले. भैरवी संपली. सुई तड्यावर आली…

"सुशीला!"

कर्ण्यातून. दादांचा आवाज – तोच, दारातला, खणखणीत. मी दादांकडेच बघत होतो. ओठ मिटलेले होते.

"आली, आली! हात भरले हायेत माहे!" आतून वहिनी ओरडल्या आणि कणकेच्या हातांनी धावत आल्या. दादांवर वाकून म्हणाल्या, "काय म्हनलं जी? अजून एक डाव म्हना नं…"

दादांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

"तुमी आयकलं नं, बापू?"

"हो," मी म्हणालो. आवाज कुठून आला, ते नाही सांगितलं.

संध्याकाळी एकटा बसून कॅसेट मागे घेऊन ऐकली. भैरवी… खर्रर्र… जराशी शांतता… आणि वहिनींचं "आली, आली!" हाक नाही. फक्त उत्तर.

दादा त्याच थंडीत गेले. पुढे एका प्राध्यापकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "दोघांना एकाच क्षणी झालेला भास." नाव ठेवलं की वस्तू समजली असं विद्वानांना वाटतं. मला तेवढंही जमलेलं नाही. ती तबकडी मी कितीदा लावली… सुई घसरते, बाकी काही नाही.

वहिनी तबकडी ऐकत नाहीत. कॅसेट मात्र मागून घेतात. एकदा न राहवून म्हणालो, "वहिनी, दादांची हाक नाही त्यात."

"नसू द्या," त्या म्हणाल्या. "म्या ओ देल्ली, थे तं हाये नं."