हाकेच्या अंतरावरचे छंद

वैनी गेली हे मला कोणी येऊन सांगितलं नाही. आईंच्या हाकेला ओ आली नाही, त्यावरून कळलं. वैनी म्हणजे सुमन, माझी थोरली जाऊ, आणि आई म्हणजे आमच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. रविवारची सकाळ होती, मी कपडे वाळत घालत होते. आतून "सुमे… ए सुमे…" सुरू झालं. एरवी दुसरी हाक पुरी व्हायच्या आत घरातल्या कुठल्यातरी कोपऱ्यातून "ओ, आले" असं यायचंच. त्या दिवशी आई हाका मारत राहिल्या आणि मी ओला टॉवेल हातात धरून ऐकत राहिले… मग धावले. मागल्या दारी वैनी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तांदळाचं सूप तसंच. शहापूरहून डॉक्टर आले आणि हृदय बंद पडलं म्हणाले. सव्वा महिना झाला त्याला.

आमचं गाव आटगाव स्टेशनापासून आत, डोंगराच्या बाजूला. वैनी मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याची, आणि मी डोंबिवलीची, लग्नानंतरही कल्याणच्या ऑफिसात जाणारी. आईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, काही महिने सांभाळावं लागेल. त्या काही महिन्यांत माझी मुलगी मयुरी शाळेतून कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्न होऊन सिंगापूरला गेली. आईंची नजर तर झटक्याबरोबरच गेली होती. कान तेवढे शाबूत राहिले, आणि हट्ट. त्या वैनीच्याच हातून जेवायच्या. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड मिटून घ्यायच्या. पोटचे दोन मुलगे घरात होते, पण एक वाशिंदच्या कंपनीत पाळ्या करणारा आणि दुसरा शेतीच्या निमित्ताने पारावर रमणारा. आईपाशी जाऊन "कशी हायेस?" विचारलं की त्यांचं कर्तव्य संपायचं.

या सगळ्यात वैनीने छंद जोपासले, आणि माणसाला छंदांची इतकी भूक असू शकते हे मी तिच्याकडे पाहून शिकले. फक्त तिच्या छंदांना एक अट असे. आईंची हाक ऐकू आली पाहिजे. शिलाई मशीन घेतलं, ब्लाऊज झकास शिवायची, पण त्याच्या खडखडाटात हाक बुडाली आणि आई पलंगावरून घसरल्या, तेव्हापासून मशीनवर चादर पडली. मग हाताने गोधड्या. मग प्लॅस्टिक वायरच्या पिशव्या. पंचक्रोशीत त्या वायरच्या पिशवीशिवाय बाजाराला जाणारी बाई सापडणार नाही. मग वर्तमानपत्रातली शब्दकोडी, ती सोडवताना आमच्या ह्यांना भलत्या वेळी भलते प्रश्न विचारायची. शेवटी मयुरीने जुना मोबाइल दिला आणि वैनीला व्हायोलिन सापडलं. आमच्या घरात भजनापलीकडे कोणी काही ऐकलेलं नाही. ही बाई परदेशी वादकांचे ताफे ऐकत भाकऱ्या थापायची. एका कानात इअरफोन, दुसरा कान आईंसाठी मोकळा. मी एकदा विचारलं, गाणी का नाही ऐकत? तर म्हणाली, "गान्यात मानसाचा आवाज असतो गो. मंग आई हाक मारतात का गानारी, समजत नाय. याच्यात बोलनं नाय, म्हनून हाक येगळी कळते." आवडही तिला अशी सोयीची करून घ्यावी लागली होती. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

मयुरीने सिंगापूरच्या एका मोठ्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली आणि फोनवर जाहीर केलं, मोठी आई, म्हणजे वैनी, येणार, फार तर चार दिवस. वैनी पहिल्यांदा नाही म्हणाली, दुसऱ्यांदाही नाही म्हणाली, आणि तिसऱ्यांदा गप्प बसली. अडचण एकच होती, आईंना जेवण कोण भरवणार. त्यावरची युक्ती वैनीचीच. आई तिला ओळखायच्या त्या काकणांवरून. मनगटापासून वर हिरव्या काचेच्या बांगड्या, ती चालली की त्यांचा आवाज आधी खोलीत जायचा. माझ्या हातात घड्याळ आणि एक पाटली. वैनीने शहापूरची कासारीण घरी बोलावली आणि माझे हात तिच्यापुढे केले. दोन्ही हात भरले. मग मला कसं चालायचं, घास देण्याआधी ताटलीवर बोट कसं वाजवायचं, आईंच्या पाठीला हात कसा घालायचा, सगळं शिकवलं. "बोलू नको जादा. नुसतं हां हां कर. आनि नाही म्हनू नको, नाय म्हन."

गावाला मात्र वेगळीच बातमी लागली. आमच्याकडे बाई परदेशी जाते ती लेकीच्या नाहीतर पुतणीच्या बाळंतपणाला. दुसरं कारण कुणाला सुचतच नाही. आठवडाभर घरात डिंक, खारीक, खोबरं, अळीव येत राहिलं. शेजारच्या काकूंनी तर जुन्या लुगड्याचं दुपटं शिवून आणलं. मयुरीच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि तिकडे तसलं काही नव्हतं. मी म्हटलं, खरं सांगून टाका. वैनी पिशवी भरत म्हणाली, "गानं ऐकाया चालले सांगितलं तर जाऊ देतील का?" तिने तो सगळा बाळंतविडा सिंगापूरला नेला. मयुरी पोट धरून हसली, आणि मग दोघींनी मिळून डिंकाचे लाडू केले.

कार्यक्रमाचं मला मयुरीने सांगितलं. एवढ्या मोठ्या सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता, आणि हळू वाजू लागलं की वैनीच्या बांगड्या किणकिणायच्या. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं. वैनीने पर्समधून रुमाल काढला, बांगड्यांवर घट्ट बांधला आणि दुसरा हात पदराखाली दाबून ठेवला. तरी बसली होती ती तिरकी, एक कान दाराकडे देऊन. मध्यंतर झाल्याबरोबर बाहेर येऊन तिने मला फोन लावला. मी नुकतीच आईंचं तोंड पुसून उठले होते. "जेवल्या का गो?" मी म्हटलं, "पोटभर. सुमे सुमे म्हणत जेवल्या. त्यांना काही कळलंच नाही." ती म्हणाली, "कळलंच नाय?" आणि मग, "बरं झालं." मयुरी म्हणते, आत गेल्यावर मोठी आई सरळ बसली. डोळे मिटले आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत. टाळ्या थांबून लोक उठायला लागले तरी ती उठेना.

परत आली तेव्हा मला वाटलं, आता ती उत्साहाने सांगेल, तिथे वाजवलेलं मोबाइलवर शोधेल. तसं काही झालं नाही. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि आईंच्या खोलीत गेली. आईंच्या लेखी ती कुठे गेलीच नव्हती, त्यामुळे आली असंही काही झालं नाही. त्यानंतर तिने इअरफोन हातात घेतला नाही. मी दोन-तीनदा विषय काढला. एकदा उखडली माझ्यावर. "दोनी कानांनी ऐकून आले ना मी. आता एका कानानं ऐकावं असं वाटत नाय. आधी समजत नव्हतं तेच बरं होतं." मग भाकरी उलटली. मला मयुरीचा राग आला होता, उगाच. खरा राग कोणावर काढायचा ते मला आजही कळलेलं नाही. आईंवर काढावा तर त्या बिचाऱ्या स्वतःच्याच देहात अडकलेल्या.

ती गेली त्या दिवशी अंगणात माणसं जमली होती. सवाष्ण गेलेली, म्हणून बायका तिला हिरवा चुडा भरत होत्या, ओटी भरत होत्या. आणि आत आई भुकेने हाका मारत होत्या. थोरले भाऊजी दारात उभे राहून म्हणाले, "आज नको सांगूया तिला. चार दिस जाऊ दे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सिंगापूरच्या वेळच्या बांगड्या मी वैनी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी उतरवल्या होत्या. मी अंगणात गेले, बायकांमध्ये बसले आणि हात पुढे केले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मयताच्या घरात कोनी चुडा भरतं का गो? याड लागलं का तुला?" मी म्हटलं, "आईंना भरवायचंय." वैनीला भरून उरल्या होत्या त्याच बांगड्या मला भरल्या. तिकडे तिला उचललं तेव्हा मी आत पेजेची वाटी घेऊन बसले होते. रडले असते तर आईंना कळलं असतं. वैनीला मी दारापर्यंतसुद्धा पोचवू शकले नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. भाऊजी विषय काढत नाहीत, आमचे हे पेपर वाचतात. ऑफिसातली रजा मी वाढवून घेतली, परवा पुन्हा वाढवली. संध्याकाळी स्टेशनाकडून लोक घरी परतताना दिसतात तेव्हा मी खिडकीतून बाजूला होते. मी हळू चालायला शिकले आहे, "नाय" म्हणते, ताटलीवर बोट वाजवते. हात सुजतात, पण बांगड्या काढता येत नाहीत.

परवा दुपारी पेज भरवताना आई मध्येच थांबल्या. चांगला हात माझ्या बांगड्यांवर ठेवला आणि म्हणाल्या, "सुमे, धाकटी लय दिस झालं आली नाय. कुठं गेले ती?"

धाकटी म्हणजे मी.

मी वाटीतली पेज ढवळली. मग म्हटलं, "गानं ऐकाया गेले, आई. लांब."

"कवा येनार?"

मी चमचा त्यांच्या ओठाशी नेला. "तुमी जेवा," म्हटलं.