पान नंबर नसलेली ओळ

ती खतावणी आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

मी सातवी शिकून सावंतवाडीकडून नाशिकला आलो, पोलिसात शिपाई झालो. हवालदार झाल्यावर निफाड तालुक्यात बदली झाली. पंचनामा, जबाब जमायचे. हिशेबाची वही समोर आली की मात्र घाम फुटायचा. कुणाला विचारायची लाज वाटायची.

विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याने फिर्याद दिली. गल्ल्यात चाळीस हजार कमी, आणि एका शेतकऱ्याच्या खात्यावर तेवढीच रोख दिल्याची ओळ. शेतकरी म्हणे, मला दमडी मिळाली नाही. संशय पेढीच्या वह्या आणि किल्ली सांभाळणाऱ्या वृद्ध दिवाणजींवर. हमाल त्यांना चाचा म्हणत. साक्षीदार व्यापाऱ्याचा भाचा, महिन्यापूर्वीच नाशिक शहरातल्या इंदिरानगरहून पेढीवर आलेला. "त्या तारखेला लिलावाची गर्दी होती. चाचांनी गल्ल्यातून पैसे काढताना मी पाहिलं," असा त्याचा जबाब.

ठाण्याचे साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत अटक कर."

चाचा समोर बसले. "साहेब, उद्या सुटलो तरी बाजारात कुणी माझ्या हातात वही देणार नाही. रोजकीर्द आणली का?"

फिर्यादीसोबत आलेली वही मी पुढे केली. "हीच ना?"

"ही खतावणी." ते हसले नाहीत, याचे उपकार मी विसरलो नाही. "तुम्ही ठाण्यात जे घडेल ते वेळेप्रमाणे डायरीत लिहिता ना? तशी रोजकीर्द. खतावणीत ज्याचं त्याचं खातं. रोजकीर्दीतून उचलायचं, खात्यावर मांडायचं आणि शेजारी रोजकीर्दीचा पान नंबर टाकायचा. नाहीतर ओळ आली कुठून, कळणार कसं?"

मी बोट लावत गेलो. प्रत्येक ओळीशेजारी नंबर होता. त्या एकाच ओळीशेजारी नव्हता.

मग पेढीवर जाऊन पंचांसमक्ष रोजकीर्द जप्त केली. ती तारीखच तिच्यात नव्हती. पंच म्हणून घेतलेला हमाल म्हणाला, "आमुशा व्हती साहेब. लिलाव नाय, पेढीला कुलूप. आम्ही समदे घरी."

भाच्याला पुन्हा बोलावलं.

"गर्दी होती म्हणालास. ट्रॅक्टर किती असतील?"

"शंभरेक तरी."

मी कॅलेंडर पुढे सरकवलं. बाजारात वाढलेल्या माणसाने अमावस्येचा लिलाव कधीच सांगितला नसता. त्या तारखेच्या चौकोनात अमावस्या छापलेली होती. "मामांना सांगू नका," एवढं आधी बोलला, मग कबुली दिली. पैसे त्यानेच उचलले होते. मागची तारीख टाकून चाचांच्या अक्षराच्या वळणाची ओळ खतावणीत घुसवली होती.

पुढे नोकरीभर एक सवय ठेवली. कुणाच्या नावावर काही मांडलेलं दिसलं, की ते कुठल्या दिवसातून आलं हे आधी शोधायचं. पुष्कळदा तो दिवसच सापडत नाही.

त्या संध्याकाळी चाचांचा जबाब लिहिला. सही करण्याआधी त्यांनी कागद उलटसुलट पाहिले.

"हवालदारसाहेब, पान नंबर राहिले."

मी टाकले. मग त्यांनी सही केली आणि पेढीची किल्ली खिशात आहे का, ते चाचपून पाहिलं.