द्वारकाकाकीचं गंगावन

नंदाखालहून आगाशीकडे जाणाऱ्या वाटेवर नरहरी चौधरींची वाडी होती. केळी, पानवेली, थोडे माड आणि बांधावर मोगरा-अबोली. केळी आणि पानं नरहरीकाका बघायचे, फुलं त्यांची बायको द्वारकाकाकी बघायची. तिच्या हातच्या वेण्या बाजारात टोपली खाली ठेवेस्तोवर संपायच्या. एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावातल्या बायकांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती, पण तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. काकी गंगावनं करायची.

बाईचे केस विरळ झाले की अंबाडा सुपारीएवढा होतो. मग खऱ्या केसांचा तयार शेपटा आणून आपल्या केसांत गुंफायचा, तेच गंगावन. १९७०च्या आसपास ती जत्रेत मिळायची, बोहारणीकडे मिळायची, मुंबईहून नायलॉनचीही यायला लागली होती. ती सगळी घोड्याच्या शेपटीची भावंडं. घातलेल्या बाईला वाटायचं, कुणाला कळत नाही, आणि बाकी सगळ्यांना पार बांधावरून कळायचं.

काकीलाही हा प्रसाद मिळाला होता. धाकट्या मुलीच्या बाळंतपणानंतर तिचे केस मूठमूठ गेले. तिनं निर्मळच्या जत्रेतून एक गंगावन आणलं आणि मोठ्या हौसेनं नणंदेकडच्या बारशाला घालून गेली. पंगतीत ताक वाढायला वाकली आणि गंगावन सुटून सरळ ताकाच्या पातेल्यात. "द्वारके, ताकात मांजर पडलं गं!" नरहरीकाका भर पंगतीत ओरडले. माणूस मनानं चांगला, पण जिभेला हाड नाही. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. काकीनं मांजर पातेल्यातून काढलं, पिळलं, आणि मान खाली घालून घरी आली.

घरी येऊन ती रडली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. ती चिडली. ओट्यावर बसून तिनं ते गंगावन तिरीमिरीत उसवायला घेतलं, आणि उसवता उसवता राग राहिला बाजूला. आत नुसता गोंधळ होता. केसांची मुळं आणि शेंडे उलटसुलट कोंबलेले, वर जाड सुतळीचे फास. "अवो, हे बघा. गवताची पेंडीसुद्धा कोन अशी बांधीत न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली. त्यानं बघितलं नाही. पण काकीचे हात कामाला लागले ते लागलेच.

केस विंचरताना फणीत राहतो त्या गुंत्याला गुंतवळ म्हणतात. काकी ते बोहारणीकडून मुंबईचं घ्यायची, रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सावलीत सुकवायची आणि मग एकेक केस सोडवायची. केस दोन बोटांच्या चिमटीत धरून चोळला की तो हळूहळू एका बाजूला सरकतो. ज्या बाजूला सरकतो ते त्याचं मूळ. मुळं एकीकडे, शेंडे एकीकडे, लांब खाली, आखूड वर, असं सगळं लावून ती वेणीत फूल अडकवावं तशी एकेक बट बारीक काळ्या दोऱ्यात अडकवायची. काम डोळेफोडीचं. नरहरीकाका कुरकुरायचे, की भातात केस, पाण्यात केस, उद्या केळीलाही केस लागतील. पण पुढच्या समारंभाला बायकोचा अंबाडा पाहून ते स्वतःच फसले आणि म्हणाले, "तुझे केस परत कधी आले गं?" यापेक्षा मोठी पावती नवऱ्याकडून मिळत नसते.

हळूहळू बायका यायला लागल्या. कुणी मागच्या केळीतून, कुणी फुलं घ्यायच्या निमित्तानं. प्रत्येकीची अट एकच, कुणाला कळता कामा नये. काकीचीही अट तीच होती. "गंगावन दिसलं तर ते माझं न्हाय," ती सांगायची. तेल घातलेल्या केसांशी तेल घातलेलं गंगावन लावून, खिडकीत उजेडाला धरून ती रंग जुळवायची आणि जरा फरक वाटला तर अख्खं उसवायची. गावात हळदीकुंकू असलं की काकी कोपऱ्यात बसून समोरच्या अंबाड्यांची रांग बघायची. निम्मे तिच्या हातचे. एक दुसरीला म्हणायची, "तुझे केस मात्र अजून छान हायत हो!" आणि काकी मुकाट्यानं करंजी खायची. मनातून तिला फार वाटायचं, की एकदा तरी कुणी चारचौघांत म्हणावं, द्वारकाबाय, काय हात हाय तुझा. पण ते म्हणण्यासारखं नव्हतं. वेणीचं कौतुक व्हायचं, गंगावनाचं कसं होणार?

अशात शेजारच्या शांतावहिनींच्या सरलाचं लग्न ठरलं. सरला बालवाडीत शिकवायची. हसरी, धिटुकली, खोटं बोलायची वेळ आली की कान लाल होणारी. आदल्या वर्षी तिला टायफॉइड झाला होता. जीव वाचला, पण गुडघ्यापर्यंत येणारे केस गळून गेले. नवे उगवले होते ते जेमतेम मानेला लागत होते. आगाशीच्या राऊतांनी तिला आजारपणाआधी एका लग्नात पाहिलं होतं, आणि पसंतीला त्या केसांचाही हातभार होता. शांतावहिनींचा जीव टांगणीला लागला.

"वयनी, आता तुमच्याच हातात हाय," त्या काकीला म्हणाल्या. "त्यांच्याकडे कोनाला कळलं तर लग्नाच्या दिवशीच पोरीच्या डोक्यावर चर्चा सुरू होईल. जन्माची बोच राहील."

"आई, त्यांना सांगून टाकू ना सरळ," सरला म्हणाली.

"तू गप. लग्न तुझं हाय, तुला काय कळतंय!"

काकीनं ठेवणीतले सगळ्यात लांब केस काढले. सरलाच्या तेल लावून चापून बसवलेल्या केसांशी रंग ताडून पाहिला आणि जीव ओतून गंगावन केलं. मानेपर्यंतचे खरे केस वरून असे उतरायचे की कुठे संपले ते कळू नये. घालून बघितलं तेव्हा शांतावहिनींनी लेकीची अलाबला घेतली.

लग्नाला आठवडा राहिला होता तेव्हा आगाशीहून निरोप आला. होणारी सासू रखमाबाई मोठ्या खटपटीची बाई, नजर करडी, घरच्या रितीभाती तोंडपाठ. त्यांच्या घरची रीत अशी, की नवरीचे केस लग्नाआधी शिकेकाईनं न्हाऊ घालायचे आणि त्यांना तेलाचं बोटही लावायचं नाही. मांडवात अक्षता पडल्यावर सासू स्वतः पहिलं तेल घालणार, भांगापासून शेंड्यापर्यंत हात फिरवणार, मग वेणीचा अंबाडा वळून त्यात घराण्याचं सोन्याचं फूल खोचणार. म्हणजे केस मोकळे, कोरडे, आणि वर सासूचा हात.

"हात फिरू दे," काकी म्हणाली. "माझी गाठ बोटाला लागत न्हाय." तरी खात्री करावी म्हणून तिनं सरलाला न्हायला लावलं, गंगावनही धुतलं, दोन्ही सुकवून गुंफलं आणि तिला अंगणातल्या उन्हात उभं केलं.

काकीच्या पायाखालची जमीन सरकली. सरलाचे केस वरून तांबूस, सुकल्या सुपारीच्या रंगाचे, आणि मानेखाली काळंकुट्ट गंगावन. कुणीतरी निम्म्यातच रंग बदलून दोर वळावा तसं दिसत होतं. ऊन, खारा वारा आणि बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी. इथल्या वाडीत राबणाऱ्या सगळ्याच बायकांचे केस तांबूस झालेले. पण ते बघितलेत कुणी? आमच्याकडे न्हालेली बाई केस सुकले की तेल चोपडूनच उंबऱ्याबाहेर पडते, आणि तेलात सगळेच केस काळे. इतकी वर्षं केसांत बोटं घालणाऱ्या काकीनं कोरडे केस उन्हात कधी पाहिलेच नव्हते. आपल्या स्वतःचेसुद्धा.

"चुकलं गं माझं," ती मटकन पायरीवर बसली. "माझ्याकडे या रंगाचा एक केस न्हाय. समदे मुंबईचे, उन्हात न गेलेले, काळेच."

सरलाचे डोळे भरले, पण तिनं काकीचा हात धरला. "राहू दे काकी. मी आखूड केसांनी उभी राहते. काय व्हायचं ते होऊ दे."

शांतावहिनी इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या आत गेल्या. माळ्यावर खुडबुड झाली, आणि त्या एक जुन्या लुगड्याचं गाठोडं घेऊन बाहेर आल्या. ते त्यांनी काकीच्या पुढ्यात ठेवलं आणि तोंड फिरवलं.

आत केस होते. सरलाचे. तापात उशीवर गळलेले, फणीत आलेले, गुंतवळाचे गोळेच्या गोळे.

"माझ्या सासूबाई रोज म्हनायच्या, जाळून टाक, गळलेले केस घरात ठेवू नयेत, कोन करनी करील," शांतावहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "मला जाळवेनात. पोर तापानं फणफणत होती, डोळे उघडत नव्हती. तिचं काय म्हनून जाळायचं मी? वाटलं, बरी झाली की समुद्राला देईन. बरी झाली, तरी देववले न्हाईत."

मघापर्यंत न रडलेली सरला आता आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. काकीही रडली असती, पण तिचे डोळे गाठोड्यावर खिळले होते. तिनं एक केस ओढून उन्हात धरला. तांबूस! तिनं तो चिमटीत चोळला. केस सरकला.

"वयनी, रिठे भिजत घाला," ती म्हणाली आणि पदर खोचला.

तो आठवडा चौधरींच्या घरात फुलांना कुणी हात लावला नाही. नरहरीकाकांनी वेण्या स्वतः करायचा प्रयत्न केला आणि बाजारात हसं करून घेतलं. भातही तेच शिजवत, आणि त्यात केस निघाला तरी चकार शब्द काढत नसत. काकी उजाडल्यापासून उजेड जाईपर्यंत ओट्यावर बसून गोळे सोडवत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी सरलाला पुन्हा उन्हात उभं केलं. काकी तिच्याभोवती फिरली, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, शेवटी डोळे मिटून हात फिरवला. मग आत जाऊन घटाघटा पाणी प्यायली.

लग्नाला अख्खं गाव लोटलं होतं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली. रखमाबाई चांदीच्या वाटीत तेल घेऊन सुनेच्या मागे बसल्या. काकी बायकांच्या पहिल्या रांगेत होती. रखमाबाईंनी भांगात तेल घातलं. हात कपाळावरून मागे आला, मानेवर आला, आणि नेमका तिथंच थांबला.

काकीनं डोळे मिटले. शांतावहिनींचा चेहरा चुन्यासारखा झाला. हात हलेना. सरलाचे कान लालबुंद झाले होते. तिनं सासूकडे मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, तुम्हाला फसवायचं नाही मला. टायफॉइडमध्ये माझे केस गेले. मानेखालचे आहेत ते गळलेलेच केस. माझ्या आईनं जपून ठेवले आणि द्वारकाकाकीनं बांधून दिले."

मागच्या रांगांतले लोक माना उंच करून बघायला लागले.

रखमाबाईंनी रिकामी वाटी तिला दाखवली. "अगं पोरी," त्या म्हणाल्या, "वाटीतलं तेल संपलं म्हनून थांबले होते मी."

आधी नरहरीकाका हसले, मग सगळा मांडव. पण रखमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोकळे केस हातात घेतले, उजेडाला धरले, बोटांनी वरून खाली चाचपले, पुन्हा चाचपले. "जोड कुठे हाय? दाखवा मला कोनीतरी," त्या वैतागून म्हणाल्या. दोघीतिघी पुढे झाल्या, कुणालाच सापडेना. "द्वारकाबाय कोन?"

काकी उठली. सगळ्या मांडवाच्या नजरा तिच्यावर, आणि त्याच क्षणी पहिल्या तिन्ही रांगांतल्या बायकांचे हात आपापल्या अंबाड्याकडे गेले. रखमाबाईंनी त्या हातांवरून एकदा नजर फिरवली, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं.

"द्वारकाबाय," त्या म्हणाल्या, "काय हात हाय तुझा!"

काकी नुसती मान हलवत राहिली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. शांतावहिनी पुढे येऊन हात जोडू लागल्या, तर रखमाबाईंनी त्यांचे हात खाली केले. "ज्या आईला पोरीचा गळलेला केस टाकवला न्हाय, तिची लेक माझ्या घरात येतेय. माफी कसली मागता?"

मग त्यांनी वाटी वर करून फर्मावलं, "तेल आना आणखी. माझ्या सुनेचे केस अजून अर्धे कोरडे हायत." तेल आलं. रखमाबाईंनी मानेपासून हात खाली नेला आणि काकीनं एकेक केस सोडवून बांधलेल्या बटांना अगदी शेंड्यापर्यंत तेल लावलं.