पाच कळ्या आणि शिशाचा एप्रन

आमच्या शेजारचे फोटोकाका माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. रस्त्यात मी हात केला तर 'कोण बुवा हा' अशा नजरेनं बघत राहतात. मग मी डावा खांदा थोडा पुढे करतो आणि त्यांचा चेहरा उजळतो. लहानपणी कुंपणावरून पडून मी खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडून घेतलं होतं, ते जगात सर्वांत आधी त्यांनी पाहिलं. तेव्हापासून ते माझी विचारपूस करतात ती त्या हाडामार्फत. "काय म्हणतेय हासळी?" हाड बरं म्हणजे मी बरा.

चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तळघरात लोकांचे एक्स-रे काढले. लोक त्याला फोटोच म्हणतात, म्हणून हे फोटोकाका. खरा कॅमेरा हातात दिला तर सगळ्यांची डोकी कापतात, तो भाग वेगळा. आयुष्यभर त्यांनी मुख्यतः तीनच वाक्यं उच्चारली: श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. एकदा मधेच फोन वाजला आणि तिसरं वाक्य राहून गेलं. एक आज्ञाधारक पोस्टमन जांभळा होईपर्यंत तसाच उभा होता.

निवृत्त होताना इस्पितळानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी तिथल्याच कारकुनाला देऊन टाकलं आणि भेगा पडून बाद झालेला शिशाचा एप्रन मागून आणला. किरणं अंगावर येऊ नयेत म्हणून एक्स-रेवाले घालतात तो. वजनाला एखाद्या पोराएवढा. काकूंनी विचारलं, हा आता कुणापासून वाचायला? काका म्हणाले, असू दे, घरात तू आहेस.

तळघराला खिडकी नव्हती. म्हणूनच असेल, पण वर आल्यावर काका थेट बागेत गेले आणि अजून आत आलेले नाहीत. वसंत सरत आला की दुपारी चारच्या सुमाराला ऊन तिरपं होतं. तेव्हा ते एक बुटकं स्टूल घेऊन वाफ्याच्या पलीकडे बसतात. आपण सगळे सूर्याकडे पाठ करून फुलं बघतो. काका फुलं स्वतःच्या आणि सूर्याच्या मधे ठेवतात. त्यांच्या मते उजेडासमोर धरल्याशिवाय कोणतीच गोष्ट दिसत नाही.

एकदा मीही जाऊन बसलो. समोर पॉपीची लाल फुलं होती. एरवी ती मला कागदी वाटतात. पण तिथून एकेका पाकळीत शिरांचं जाळं पेटलेलं दिसत होतं, आणि एका फुलाच्या आत बसलेल्या भुंग्याची फक्त सावली हलत होती. निळ्या आयरिसच्या फुलांत पाणी भरल्यासारखा उजेड साचला होता. कुंपणावर चढलेल्या स्वीट पीच्या वेलीचा वास येत होता, जात होता, पुन्हा येत होता. गुलाबाच्या वेलीवर पहिली सात-आठ फुलं होती आणि त्यांच्यामागं आमचं घर, माझी वाळत घातलेली बनियन, सगळं गुलाबीसर होऊन हलकं तरंगत होतं. थोड्या वेळानं मला वाटायला लागलं की आपणही आरपार दिसतोय, आणि आत काही फारसं वाईट नाही. बायकोनं चहाला तीनदा हाक मारली म्हणे. मला एकच ऐकू आली.

या सगळ्या बागेत एक झाड काकूंचं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी ते आपल्या थोरल्या बहिणीकडून आणून लावलं. पिओनी म्हणतात त्याला. गुडघ्याच्या वर येतं, वर्षभर नुसता पाला दाखवतं, आणि वसंताच्या शेवटी त्याला कोबीच्या गड्ड्याएवढी पांढरी फुलं येतात. एक आठवडा टिकतात, की संपलं. तिसऱ्या वर्षापासून ते दरसाल फुलत आलं आणि काकूंनी ते फुललेलं एकदाही पाहिलेलं नाही. कारण बहिणीचा जॅमचा छोटा कारखाना आहे, आणि नेमकी तेव्हाच फळं पिकतात. काकू तीन आठवडे तिकडे जाऊन फळं चिरतात, ढवळतात, बाटल्या भरतात. फळंही थांबत नाहीत आणि फूलही थांबत नाही.

मग काका फोनवर फुलाचं वर्णन करायचे. आकार मोठा. कडा स्पष्ट. मध्यभागी दाट पांढरी छाया. बाकी विशेष काही नाही. काकू विचारायच्या की हे फूल आहे की न्यूमोनिया. काकांना कळायचंच नाही काय चुकलं. तळघरात 'विशेष काही नाही' या शब्दांसाठी लोक तासन्‌तास बाकावर बसायचे आणि ते ऐकून दोन-दोन पायऱ्या चढत वर पळायचे. त्यांच्याकडे याहून सुंदर वाक्य नव्हतं.

यंदा निघताना काकूंनी बॅग उचलली, फाटकाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मी लावलेलं झाड सगळ्या गल्लीनं पाहिलं, मी सोडून. यंदाही नाही दिसलं तर पानं गळल्यावर उकरून ताईकडे नेऊन लावणार. निदान जॅम ढवळता ढवळता तरी बघीन."

त्या हसून बोलल्या. पण काकूंचं हसून बोललेलं जास्त खरं असतं, हे काकांना माहीत होतं.

झाडाला पाच कळ्या होत्या आणि हवा नेहमीपेक्षा तापली होती. काकूंना जाऊन दहा दिवस झाले होते, परतायला अजून अकरा होते. कळ्या फार तर पाच दिवस दम धरतील असं दिसत होतं. काकांनी कळ्या थोपवायचं ठरवलं. आधी माझी छत्री नेली. मग ओला पडदा बांधला. मग सकाळ-संध्याकाळ बुंध्याशी बर्फ घालायला लागले. मी म्हणालो, "काका, कळी म्हणजे काय दुकान आहे, शटर ओढायला?" ते म्हणाले, तू हासळी सांभाळ. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शिशाचा एप्रन बाहेर काढला. क्ष-किरणांना जो अडवतो, त्याच्यापुढं ऊन म्हणजे किस झाड की पत्ती. दोन काठ्या रोवल्या आणि त्यांवर तो अडकवला. फुलांच्या रांगेत तो एखाद्या जाडजूड, मुंडकं नसलेल्या राखणदारासारखा दिसत होता.

दुपारी वारा उठला. काका खुर्चीत डुलक्या घेत होते. काठ्या वाकल्या आणि एप्रन सगळ्या वजनानिशी झाडावर बसला.

मी कुंपणावरून उडी मारून गेलो तेव्हा काका मातीत गुडघे टेकून बसले होते. चार कळ्या वाचल्या होत्या. सर्वांत टपोरी पाचवी देठासकट मोडून पडली होती. त्यांनी तिला आईसक्रीमच्या काडीचा आधार देऊन बँडेज बांधून पाहिलं, मग ते हळूच सोडलं. "पूर्ण तुटलंय," ते म्हणाले. "सांधायचं नाही."

कळी टाकून देववेना. त्यांच्या हाताला एकच गोष्ट माहीत होती: जपायची वस्तू थंडीत आणि अंधारात ठेवावी. कोऱ्या फिल्मा ते तशाच ठेवायचे. त्यांनी कळी वर्तमानपत्रात गुंडाळली, इस्पितळाच्या एका जुन्या मोठ्या पाकिटात घातली आणि फ्रिजच्या खालच्या खणात, गाजरांच्या मागे सरकवली. आणि हाताच्या सवयीनं पाकिटावरचे रकानेही भरले.

उरलेल्या चारही कळ्या तिसऱ्या दिवशी उमलल्या. काका यंदा स्टूल घेऊन बसले नाहीत. फोनवर आकार सांगितला नाही, कडा सांगितल्या नाहीत. काकूंनीही विचारलं नाही. आठवडा संपायच्या आत वाफ्यात पांढऱ्या पाकळ्यांचा खच पडला.

रविवारी संध्याकाळी काकू आल्या. बॅग खाली न ठेवताच झाडापाशी गेल्या आणि चार रिकामी बोंडं बघून परत फिरल्या. "फुललं होतं वाटतं," एवढंच म्हणाल्या. काका त्यांच्या हातातली बॅग घेत म्हणाले, "विशेष काही नाही." त्यांच्या तोंडून हे वाक्य इतकं वाईट मी कधी ऐकलं नव्हतं.

मी बाटल्यांचं खोकं आत नेऊन दिलं. काकू जॅम फ्रिजमध्ये लावायला बसल्या. गाजरं बाहेर आली, मागचं पाकीट बाहेर आलं. काकूंनी चष्मा वर करून वाचलं: वय आठ वर्षं, भाग डोकं, कारण एप्रन पडल्याने.

"अहो," त्यांनी आतून विचारलं, "हा डोक्याचा फोटो कुणाचा?"

काका दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं कबूल केलं. छत्री, पडदा, बर्फ, वारा. काकू ऐकता ऐकता वर्तमानपत्र उलगडत होत्या. आत कळी होती. मलूल, पण बंद. त्यांनी ती दोन बोटांत दाबून पाहिली, देठाचं टोक सुरीनं तिरकं कापलं आणि जॅमच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून तिला त्यात उभं केलं. "इतक्या हिकमती केल्यात," त्या म्हणाल्या, "आणि थांबली ती गाजरांच्या मागे."

सकाळी कुंपणावरून मला खूण झाली. मी आत गेलो तर बाटली खिडकीत, उजेडासमोर होती. काकू खुर्चीत, काका त्यांच्या शेजारी बुटक्या स्टुलावर. रात्रीतून कळी अर्धी सैल झाली होती आणि आतला पांढरा रंग दुधावर साय धरावी तसा हळूहळू दाटत होता. बाहेरची एक पाकळी थरथरली. काका कुजबुजले, "श्वास घे. धरून ठेव."

काकूंनी धरला. मीही धरला. पाकळी खाली आली, मग तिच्यामागची, आणि त्या दोघींच्या आतून ऊन आरपार येऊन काकूंच्या गालावर पडलं. काका फुलाकडे बघत नव्हते. उजेडात धरलेल्या त्या चेहऱ्याकडे ते असे बघत होते, जणू पहिल्यांदाच एखादं माणूस चेहऱ्यावरून ओळखत होते.

तिसरं वाक्य काही येईना.

"अहो, सोडू का आता?" काकू न हलता म्हणाल्या. "आणि ताईला फोन करा. झाड येत नाही म्हणावं."