दहाव्या माणसासाठी बिबवेवाडीपर्यंत

इस्राएलातल्या बीरशेबाहून निघताना शेजारीण म्हणाली, "हद्दपारीचा शोक करायला पुण्याला चाललात? लोक हद्दपारी संपवायला इकडे आले!" म्हणणे रास्त होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून पुण्यात आलेले मराठी यहुदी. तरुणपणी मी इस्राएलला गेलो. दोन हजार वर्षांचा वनवास संपला, असे तिथे उतरल्यावर मला सांगण्यात आले. तेव्हापासून मला पुण्याची आठवण येते.

श्रावण नुकताच लागला होता. रास्ता पेठेत सॅमसनमामांच्या घरी बॅग टेकवली, तोच ते म्हणाले, "आलास? बरं झालं. नववा झालास." चहाचे त्यानंतर विचारले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिरड्याचा रोजा लागणार होता. (यरुशलेमचे मंदिर पडले, लोक बाबेलला हाकलले गेले, त्या दुःखाचा हा उपवास. तो वालाच्या बिरड्यावर सोडतात, म्हणून हे नाव.) सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बायका भरपूर होत्या, पण त्या गणतीत नसतात. त्या वाल सोलतात. हाउसिंग सोसायटीच्या सभेला कोरम नसला तर अर्ध्या तासाने आहेत तेवढ्यांवर सभा भरते. देवाने ही सोय ठेवलेली नाही.

"बिबवेवाडीला दाऊदकाका आहेत," मामा म्हणाले. "येणार नाहीत. पण तू पाहुणा आहेस, तुझा अपमान जरा बेताने करतील. उद्या दुपारी जाऊन ये."

रिक्षावाले चाचा पुण्याचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. कशासाठी चाललो ते ऐकून म्हणाले, "दहाच पाहिजेत? आमच्यात एकट्याचीही नमाज होते."

"आमचा देव हजेरी घेतो," मी म्हटले.

"मग गैरहजर कोण, ते त्याला माहीत असेलच की," असे म्हणून त्यांनी मला दारात सोडले.

दाऊदकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. दार अर्धेच उघडून त्यांनी विचारले, "काय विकताय?"

मी ओळख सांगितली, काम सांगितले.

"देवाचं आणि आमचं येणं-जाणं नाही," ते म्हणाले. तरी पाणी दिले.

"कधीपासून, काका?"

"लिली गेली तेव्हापासून." लिली त्यांची बायको. "मातीला नऊच जण जमले. कदिश (मृताच्या मागे म्हणायची प्रार्थना, तिलाही दहा लागतात) राहूनच गेली. तुम्ही सगळे वनवास संपवायला गेलात आणि मी माझ्याच घरात वनवासाला लागलो. पूर्वजांना पळून जायला त्याला समुद्र दुभंगवता येतो आणि एक माणूस रिक्षात घालून पाठवता येत नाही?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी म्हणालो, "मग भांडायला तरी चला. हे त्याच्या घरी जाऊन सांगा."

काकांनी उठून खिडकी लावून घेतली. मग कपाटातून टोपी काढली. "मोजण्यापुरता येतो. बोलणार नाही."

संध्याकाळी प्रार्थनालयात दिवे मंद केले होते. शोकासाठी जमिनीवर बसायचे असते; निम्म्या मंडळींना धरून बसवावे लागले. मामा हेल काढून वाचत होते: देवा, तू आम्हांला टाकलेस का, कायमचे विसरलास का? काका भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसले होते.

वाचन संपले. मामा हळूच म्हणाले, "दाऊद, दहा आहोत. लिलीसाठी म्हणून घे."

काका भिंतीला धरून उठले. कदिशमध्ये मृत्यूचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती आहे. ती त्यांनी चौकीत तक्रार लिहून द्यावी तशी, एकेक शब्द सुटा करून, दात-ओठ खात म्हटली. शेवटी आवाज भरून आला. आम्ही नऊ जणांनी मोठ्याने आमेन म्हटले.

ते बसल्यावर मी कानाशी म्हणालो, "बोललात की!"

"मी बोललो," डोळे पुसत काका म्हणाले. "आता त्याची पाळी."

दुसऱ्या संध्याकाळी रोजा सोडायला ते मामांकडे आले. बिरड्यात मीठ कमी असल्याचे सांगत त्यांनी ते तीनदा वाढून घेतले.

मी बीरशेबाला परतलो. इथे शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आमचे प्रार्थनालय माणसांनी भरून जाते. दहा झाले का, हे कोणी बघत नाही. एखादा आला नाही तर त्याला आणायला कोणी रिक्षा करून जात नाही. देवाने वचन दिलेल्या देशात आता एवढीच एक हद्दपारी उरली आहे: आपल्यावाचून कोणाचे अडत नाही.